मध्ये एक खुर्ची सोडून

नोव्हेंबर २०२१. मी पोह्यांसाठी कांदा चिरत होते आणि माझा भाचा ओम मोबाइल माझ्या नाकासमोर धरून उभा होता.

"आत्या, सरड्याचं तोंड बघ. बाकी कशाकडे बघू नकोस. फक्त तोंड."

'स्पायडर-मॅन : नो वे होम'चा ट्रेलर होता तो. जुन्या सिनेमांतले खलनायक दुसऱ्या विश्वांतून यात परत येणार होते आणि आधीचे दोन स्पायडर-मॅन, टोबी मॅग्वायर आणि अँड्र्यू गारफिल्ड, हेही येणार अशी कुजबुज होती. आपल्याकडे आला तो नव्हे, ब्राझीलमध्ये आलेला, त्यात काही क्षण जास्तीचे होते. खलनायक एकट्या स्पायडर-मॅनवर झेप घेतात आणि त्यातल्या सरड्याची मान फटकन मागे जाते, कुणी सणसणीत ठोसा हाणावा तशी. पण ठोसा हाणणारा तिथे नाहीच. ओमनं ते दृश्य गती कमी करून सात-आठ वेळा दाखवलं. इतक्या बारकाईनं त्यानं बारावीचा पेपरसुद्धा तपासला नसेल.

"म्हणजे तिथे कुणीतरी आहे आणि त्याला पुसलाय. गारफिल्ड असणार. किंवा टोबी. किंवा दोघंही!"

"टोबी असू दे. गारफिल्ड नको," मी म्हटलं. कांद्यानं डोळ्यांतून पाणी येत होतं.

ओम माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी आजीला वृद्धाश्रमात ठेवू या म्हणाले.

माझंही ऐकून घ्या. २००२ साली मी सांगलीला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते. टोबी मॅग्वायरचा पहिला 'स्पायडर-मॅन' आम्ही हिंदीत पाहिला, एकपडदा थिएटरात, कडक उन्हाळ्यात, पंख्याखालची खुर्ची मिळावी म्हणून अर्धा तास आधी जाऊन. सुपरहिरो म्हटलं की उंचापुरा, तुकतुकीत, केस जागचा न हलणारा माणूस हवा, अशी आमची समजूत. आणि हा पीटर पार्कर! बस चुकणारा, चष्मा लावणारा, शेजारच्या मुलीशी बोलताना शब्द गिळणारा. आमच्या वर्गातली निम्मी मुलं अशीच होती आणि उरलेल्या निम्म्यांना आपण तसे नाही असं वाटायचं. शिवाय काका मरतो तो याच्याच चुकीमुळे. पळणाऱ्या चोराला यानं वाट करून दिलेली असते आणि पुढे तोच चोर काकाला गोळी घालतो. हे ओझं टोबी खांदे पाडून चालताना दिसायचं. तो सिनेमा मी तीनदा पाहिला. पुढचे दोन भागही पाहिले. (२००७ चा तिसरा भाग भोजपुरीतही आला होता. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधला पोरगा भोजपुरी बोलू शकतो तर मराठी का नाही, यावर आम्ही मैत्रिणींनी एक अख्खी संध्याकाळ घालवली होती. तो मराठीत बोलायला २०२३ उजाडलं, तेही कार्टूनपटात.)

मग २०१२ मध्ये अँड्र्यू गारफिल्ड आला. आपल्याकडे तर अमेरिकेच्याही आधी. मी गेले ती मुळात इरफान खानसाठी. डॉक्टर राठा म्हणून इरफान पडद्यावर आला तेव्हा पुण्यातल्या थिएटरात शिट्ट्या पडल्या, आपला माणूस! आणि मग पुलावरच्या गोंधळानंतर तो जो गडप झाला तो शेवटपर्यंत कुणाला आठवलाच नाही. त्याचा राग मी गारफिल्डवर काढला, हे आता कबूल करायला हरकत नाही. पण तेवढंच नव्हतं. स्केटबोर्डवरून फिरणारा, केस उभे केलेला, मुलींना आवडेल असा हा पोरगा मला पीटर वाटेना. ऑफिसात डबा खाताना मी निकाल देऊन टाकला, "हा पीटर पार्करला रॅगिंग करणाऱ्या मुलांपैकी आहे." सगळे हसले. लोक हसले की आपलं मत आपल्याला आणखीच पटतं.

असं म्हणणारी मी एकटी नव्हते. २०१४ चा दुसरा भाग सत्तर कोटी डॉलरहून जास्त कमावूनही तोवरच्या पाच स्पायडर-मॅनपटांत सगळ्यात मागे राहिला. २०१५ च्या फेब्रुवारीत स्पायडर-मॅनच्या सिनेमांसाठी सोनी आणि मार्व्हल यांचा करार झाला, त्याच वर्षी टॉम हॉलंड नावाचा नवा पोरगा निवडला गेला, आणि गारफिल्डचा तिसरा सिनेमा कागदावरच राहिला. मला त्याचं काही वाटलं नाही. आपण नाटक पाहून येतो, रिक्षात बसता बसता "नाही जमलं रे त्याला" म्हणतो आणि घरी येऊन आमटी गरम करतो, तसंच.

ओमनं मात्र गारफिल्डचे सिनेमे सहावी-सातवीत असताना पाहिले. त्याच्यासाठी स्पायडर-मॅन म्हणजे तोच. माझ्यासाठी टोबी जसा.

"आत्या, तू दुसरा भाग परत बघ," तो म्हणाला. "अख्खा नको. खरंच अख्खा नको, बोअर होशील. फक्त ग्वेन मरते तिथून बघ."

त्या रविवारी बघितलं. घड्याळाच्या मनोऱ्यात पीटरची प्रेयसी ग्वेन स्टेसी वरून खाली पडते. चक्रं, लोलक, काचा, सगळं तिच्याबरोबर कोसळतंय. पीटर वरून जाळ्याचा धागा सोडतो. आता इथे गंमत आहे, आणि २०१४ मध्ये ती मला साफ दिसली नव्हती. धागा खाली जात असताना त्याचं टोक पसरतं, त्याला बोटं फुटतात. हात होतो त्याचा. तो हात तिच्यापर्यंत पोहोचतोही. फक्त तोवर उशीर झालेला असतो, तिचं डोकं जमिनीवर आदळतं.

ही गोष्ट मुळात १९७३ ची. 'अमेझिंग स्पायडर-मॅन' कॉमिकच्या अंक १२१ मध्ये लेखक गेरी कॉनवेनं ग्वेनला पुलावरून पाडलं आणि स्पायडर-मॅननं जाळ्यानं तिचा पाय पकडला. वाचवलं म्हणून तो खूश होतो, पण चित्रात तिच्या मानेपाशी बारीक अक्षरांत 'खट्' असा आवाज लिहिलेला आहे. जाळ्याच्या झटक्यानंच ती गेली. वाचक चवताळले होते म्हणे. नायकाची प्रेयसी मारायची पद्धतच नव्हती तोवर. तेव्हापासून स्पायडर-मॅन मनापासून वाचणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात हे बसलंय, की जाळ्यानं पकडलं म्हणजे वाचवलं असं नाही.

तर सिनेमात पीटर खाली येतो आणि तिला जवळ घेतो. आणि गारफिल्ड रडत नाही. निदान लगेच नाही. तो तिला हाक मारतो, झोपेतून उठवावं तशी. पहिली हाक तर जवळजवळ लाडाची आहे. तिच्या नाकातून रक्ताचा बारीक ओघळ येतो, आपल्याला कळतं, त्याला अजून कळलेलं नसतं. मग कळतं. मग तो नको नको म्हणत राहतो आणि शेवटी आवाजच संपतो. मी ते दृश्य थांबवून मागे नेलं आणि परत पाहिलं, या वेळी ओमनं न सांगता.

सात वर्षांपूर्वी हे माझ्यासमोर मोठ्या पडद्यावर झालं होतं. तेव्हा मी बहुधा घड्याळात बघत होते. सिनेमा लांबला होता, खलनायक तीन होते, पहिल्या तासाला मी वैतागले होते, आणि त्या वैतागाची पावती मी या माणसाच्या नावानं फाडली होती. आपल्याकडे निळू फुल्यांना बाया तोंडावर शिव्या घालायच्या, ते वेगळं. ती दादच होती. पाटलाचं पाप नटाच्या पदरात बांधण्याइतकं त्याचं काम खरं वाटायचं. आम्ही केलं ते उलटंच, पटकथेचं पाप नटाच्या पदरात बांधलं आणि त्याच्या कामाकडे बघितलंसुद्धा नाही.

नंतर एक जुना व्हिडिओ पाहिला, जुलै २०११ चा, सॅन दिएगोच्या कॉमिक-कॉन या कॉमिक्सप्रेमींच्या मेळाव्यातला. प्रेक्षकांत प्रश्न विचारणाऱ्यांच्या माइकपाशी स्पायडर-मॅनचा स्वस्तातला, ढगळ पोशाख घातलेला एक जण येऊन काहीतरी बोलायला लागतो. मग मुखवटा काढतो, आणि तो गारफिल्ड असतो. कागदावर लिहून आणलेलं भाषण वाचतो, लहानपणापासून मी तुमच्यातलाच एक आहे असं. हात थरथरतात, कागद हलतो. लहान असताना त्याच्या आईनं त्याला स्पायडर-मॅनचा पोशाख घरी शिवून दिला होता. ती २०१९ मध्ये कॅन्सरनं गेली. मला स्वस्तातल्या त्या पोशाखाचे गुडघ्यावरचे झोळ दिसत राहिले.

तर १६ डिसेंबर २०२१, गुरुवार, सकाळी सातचा खेळ. पुण्यात चांगली थंडी होती. राज्यातली थिएटरं २२ ऑक्टोबरला उघडली होती, तीही निम्म्या क्षमतेनं, म्हणजे एकाआड एक खुर्ची रिकामी. फुली मारलेली खुर्ची माझ्या आणि ओमच्या मध्ये. माझ्या पलीकडे आणखी एक फुली, आणि तिच्यापलीकडे स्वेटर घातलेले, पन्नाशीचे एक गृहस्थ. एकटेच आलेले, सकाळी सातला, मांडीवर डब्याची पिशवी. सगळ्यांच्या तोंडाला मास्क. राष्ट्रगीताला उभं राहिलो आणि मी मागे वळून पाहिलं. पटावरचे निम्मे मोहरे उचलून ठेवावेत तसं ते थिएटर दिसत होतं. यात कसला आलाय दंगा, असं वाटलं.

पण पोरं तयारीनं आली होती. मॅट मर्डॉक, म्हणजे डेअरडेव्हिल हा आंधळा वकील-सुपरहिरो, म्हणून चार्ली कॉक्स आला आणि खिडकीतून आलेली वीट त्यानं न बघता पकडली, तेव्हाच पहिली आरोळी उठली. अर्ध्या थिएटराला कशाबद्दल ओरडायचं ते कळलं नव्हतं, तेही ओरडले. डॉक्टर ऑक्टोपसला, आल्फ्रेड मोलिनाला, शिट्ट्या. ग्रीन गॉब्लिन झालेल्या विलेम डॅफोला तर काय! २००२ मध्ये त्या बिचाऱ्याच्या तोंडावर हिरवं टोपलं चढवलं होतं आणि त्याला सगळा अभिनय मान हलवून करावा लागला होता. या वेळी सुरुवातीलाच तो गल्लीत स्वतःचा मुखवटा फोडतो आणि मग जो चेहरा मोकळा सुटतो! क्षणात भेदरलेला म्हातारा, क्षणात दात विचकणारा सैतान, सगळं नुसत्या चेहऱ्यावर. साठी उलटलेला माणूस! माझ्या मते अख्ख्या सिनेमातलं सगळ्यात कसबी काम त्याचं. आणि टॉम हॉलंडचं, मे काकू मरते तिथे. पण हॉलंडच्या वाट्याला त्या सकाळी टाळ्या फार आल्या नाहीत. घरचाच मुलगा तो. पाहुणे आले की घरच्याला पाट मिळत नाही.

आणि मग ते घर. पीटरचा मित्र नेड, त्याच्या आजीचं. नेडच्या बोटात डॉक्टर स्ट्रेंज या जादूगाराची अंगठी आहे, तो हवेत हात फिरवून पीटरला बोलावतोय, ठिणग्यांचं गोल दार उघडतं आणि पलीकडे गल्लीत स्पायडर-मॅन उभा. तो पळत येतो. येता येताच काहीतरी निराळं दिसतं. पोशाखावरचे डोळे मोठे आहेत. चाल वेगळी आहे. ओम खुर्चीतून अर्धा उठला होता. मुखवटा निघाला.

त्या आवाजाचं वर्णन करायला गेले तर क्रिकेटचा दाखला द्यावा लागेल आणि तो सगळेच देतात. मी एवढंच सांगते, की ओम आमच्या मधल्या फुली मारलेल्या खुर्चीवर दोन्ही मुठींनी धपाधप बुक्के मारत होता आणि मला त्यांचा आवाज येत नव्हता. निम्म्या क्षमतेचं थिएटर होतं ते! पडद्यावर गारफिल्ड तोंड उघडतोय, मिटतोय, एक अक्षर कळत नाही. आपल्या नाटकात जाणते नट टाळीसाठी जागा सोडतात, टाळी विरेपर्यंत पुढचं वाक्य घेत नाहीत. इथेही सोडली असेल थोडी, पण पुरली नाही.

कळलं ते थोड्या वेळानं. हॉलंडच्या पीटरची मैत्रीण एमजे त्याच्यावर पाव फेकून मारते, तू खरंच स्पायडर-मॅन आहेस का हे बघायला. मग तो छताला चिकटून दाखवतो. आणि कोपऱ्यात उभी असलेली नेडची आजी आपल्या फिलिपिनो भाषेत त्याला सांगते, की वर गेलाच आहेस तर कोपऱ्यातलं जळमट काढ. आणि तो काढतो! दुसऱ्या विश्वातून आलेला महानायक, पण म्हातारीनं सांगितलं म्हणून मुकाट्यानं जळमट काढतो. दिवाळीच्या आधी स्टुलावर चढलेला कुठल्याही घरातला उंच मुलगा. थिएटरात हशा पिकला आणि मला तो माणूस पहिल्यांदा आवडला. पार्कर हाच, हे मला त्या जळमटानं पटवलं. लगोलग टोबी आला, साध्या कपड्यांत, थोडा थकलेला, आणि आधीपेक्षाही मोठी आरोळी उठली. तीत मीही होते. माझा आवाज मला अनोळखी वाटला. दीड वर्षात इतक्या मोठ्यानं मी काही बोललेच नव्हते.

एक मात्र आहे. टोबी त्या सिनेमात फारसं काही करत नाही. उभा राहतो, मंद हसतो, पाठ धरलीय म्हणतो. आम्ही ओरडलो ते त्याच्या कामाला नव्हे. मी सांगलीच्या पंख्याखालच्या खुर्चीसाठी ओरडले. प्रवेशाच्या शिट्ट्या बहुतेक अशाच असतात, ज्याच्या त्याच्या वीस वर्षांपूर्वीच्या स्वतःला मारलेल्या. म्हणून त्या सकाळचं मला नीट आठवतं ते आवाजाचं नाही.

शेवटची मारामारी स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याभोवतीच्या परांच्यावर आहे. एमजे पडते. हॉलंडचा पीटर तिच्यामागे झेपावतो, हात जवळजवळ लागतो, आणि गॉब्लिन त्याला वरच्या वर उचलून नेतो. ती पडतेय. आणि मग तिच्यामागे उडी घेतो तो गारफिल्ड. जाळं न टाकता. स्वतः उडी घेऊन, दोन्ही हातांनी तिला झेलतो आणि मगच धाग्याच्या आधारानं खाली उतरतो. थिएटरात प्रचंड कल्ला झाला. सगळ्या पोरांना १२१ क्रमांकाचा अंक ठाऊक असेल असं नाही, पण घड्याळाचा मनोरा ठाऊक होता. ओमचे दोन्ही हात डोक्यावर.

मग कॅमेरा गारफिल्डच्या चेहऱ्यावर गेला. तो तिला विचारतो, तू ठीक आहेस ना? आवाज फुटत नाही नीट. ओठ आवळलेले, डोळे भरलेले, आणि त्या सगळ्याच्या तळाशी काहीतरी हसण्यासारखं. ती मान डोलावते. तिला काहीच माहीत नाही, या माणसाच्या पोटात काय चाललंय ते. पण तिला दिसतं काहीतरी आणि ती उलट विचारते, तू ठीक आहेस ना? तो फक्त मान हलवतो. काही सेकंदांचा मामला.

कल्ला मध्येच तुटला. कुणी "श्श" म्हणालं नाही, आपोआप तुटला. दोनशे पोरं अचानक गप्प. माझ्या चष्म्यावर मास्कमुळे वाफ धरली होती, तो काढून ओढणीला पुसला, परत घातला, परत वाफ. पलीकडच्या गृहस्थांनीही चष्मा काढला होता. आम्ही एकमेकांकडे बघून मास्कच्या आड हसलो असू. मास्कमुळे नक्की सांगता येत नाही. या एका क्षणासाठी कुणी त्याला नवीन संवाद दिला नव्हता, पाठीमागची कथाही नवीन नव्हती. सात वर्षांपूर्वी नाकारलेल्या सिनेमातलं दुःख त्यानं तसंच्या तसं जपून ठेवलं होतं आणि इथे आणून पुरं केलं. काम तेच होतं. बघायला आम्ही या वेळी हजर होतो, इतकंच.

नंतर त्यानं मुलाखतीत सांगितलं, की या भूमिकेबद्दल तो बराच काळ खोटं बोलत होता. सेटवरचा व्हिडिओ फुटला तेव्हाही ते बनावट आहे म्हणून मोकळा झाला. ग्वेन झालेल्या एमा स्टोनलासुद्धा खरं सांगितलं नाही. ते आम्हाला आवडलंच. पण मला खरी भावली ती दुसरी गोष्ट. सिनेमा लागला त्या रात्री तो आणि टोबी टोपी आणि मास्क घालून एका थिएटरात गुपचूप जाऊन बसले. रंगभूमीवरच्या नटाला दाद तिथल्या तिथे मिळते आणि शिक्षाही तिथल्या तिथे. गारफिल्ड रंगभूमीवरचाही आहे, २०१८ चा टोनी पुरस्कार आहे त्याच्या नावावर. पण सिनेमातला नट आपलं काम करून निघून जातो, लोक काय करतात ते त्याला दिसत नाही. हा अंधारात जाऊन बसला. स्वतःचा मुखवटा पडद्यावर उतरताना, आपल्या तोंडावर मास्क लावून, लोक काय करतात ते ऐकत. ज्यांनी घरी पाठवलं त्याच लोकांच्या मध्ये. कुणी त्याच्या शेजारी बसून पॉपकॉर्न खात असेल आणि त्याला पत्ताही नसेल. मी त्या शेजाऱ्याचा फार विचार करते.

बाहेर आलो तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. ते गृहस्थ डब्याची पिशवी सांभाळत पार्किंगकडे चालले होते; बहुतेक तिथूनच ऑफिसला. ओम पायऱ्या उतरताना काहीतरी सांगत होता पण त्याच्या घशातून नुसती हवा येत होती. "गारफिल्ड नको म्हणाली होतीस," एवढं कळलं. मी उत्तर द्यायला गेले तर माझाही आवाज बसलेला.

घरी दार आईनं उघडलं. आम्ही दोघांनी काहीतरी घोगरं बोलल्याबरोबर ती दोन पावलं मागे सरकली.

"घसा कधीपासून धरलाय?"

"अगं, ओरडून ओरडून बसलाय, आई."

"सिनेमात कशाला ओरडायचं?" तिचा विश्वास बसला नाही. गॅसवर पाणी ठेवलं, हळद आली, मीठ आलं, आणि आम्ही दोघं मोरीपाशी उभे राहून गुळण्या करायला लागलो. तेवढ्यात ती कपाटातून ऑक्सिमीटर घेऊन आली.

"बोट कर पुढे."

ओमनं हात पुढे केला. मधली दोन बोटं तळव्यात दुमडलेली, तर्जनी आणि करंगळी ताठ, मनगट वर. आईनं त्या हाताकडे एकदा पाहिलं, काही विचारलं नाही, आणि तर्जनीला चिमटा लावला.

"सत्त्याण्णव," ती म्हणाली. "आता तू."